विचारा की! : समईतलं तेल जातं कुठं?

दिवाळीचा फराळ संपून थंडी पडायला लागली की आपल्या नाशकात दोन गोष्टी नक्की होतात, एक म्हणजे गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पाय ठेवायला जागा मिळत नाही आणि दुसरी म्हणजे या सदराला ढीगभर पत्रं येतात. यंदाच्या ढिगात एक गंमत दिसली, जवळजवळ प्रत्येक पत्रात एक आकडा आहे. वजनाचा, बीपीचा, पावलांचा, व्हिटॅमिन डीचा. पण तो आकडा कशाने मोजला, कधी मोजला, त्यावेळी तुम्ही काय करत होतात हे लिहायचं कुणाच्याच डोक्यात आलेलं नाही. मी कॉलेजात बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, प्रॅक्टिकलला पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचे की बाबांनो रीडिंग लिहायच्या आधी मशीनकडे बघा. मी काही पेशंट तपासणारी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या चालू करू का बंद करू ते मला विचारू नका, बाकी विचारा की!

प्रश्न – ताई, सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, वय 34 आणि वजन 86. मित्राने सांगितलं म्हणून घाम काढायचं ते प्लास्टिकचं जॅकेट घेतलं, ते घालून तासभर पळतो. पळायच्या आधी आणि नंतर काट्यावर उभा राहिलो तर सव्वा किलो कमी दिसतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेवढंच. चरबी वितळते म्हणतात मग ती रातोरात परत येते कशी? का काटा खराब आहे?

उत्तर – दादा, काटा चांगला आहे, त्याने खरं तेच सांगितलं. सव्वा किलो गेलंच, फक्त ते पाणी होतं. घरी येऊन तुम्ही तांब्याने पाणी प्यायलात, जेवलात, रात्रीत हिशेब बरोबर झाला.

हा 'वितळते' शब्दच घात करतो बघा. तूप वितळतं तसं काहीतरी पोटात होत असेल आणि ते घामावाटे बाहेर येत असेल असं चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. त्यापेक्षा समई आठवा. संध्याकाळी तेल भरलं, सकाळी समई कोरडी, मग तेल गेलं कुठं? खाली सांडलं नाही, वितळायचा तर प्रश्नच नाही कारण ते आधीच पातळ होतं. ते जळलं, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला आणि पाण्याची वाफ झाली, दोन्ही देवघरातल्या हवेत मिसळून गेले. अंगातली चरबी अशीच जाते, ज्योत न दिसता आणि फार सावकाश. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या दोघांनी याचा हिशेब छापला होता, 10 किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी जाते ती मुख्यतः नाकातोंडातून! त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, ट्रेनर अशा लोकांना हा प्रश्न विचारला होता आणि बहुतेकांनी चुकीचं उत्तर दिलं होतं, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आता हे वाचून कुणीतरी नुसतं बसून जोरजोरात श्वास सोडायला लागेल म्हणून आधीच सांगते, समईवर फुंकर मारली तर तेल लवकर संपत नाही, समई विझते. तसंच नुसते श्वास फेकले तर चक्कर येते, चरबी जळत नाही. वात मोठी करायला स्नायूंना काम द्यावं लागतं.

काम किती? एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. तुमच्यासारखा माणूस तासभर भरभर चालला तर तीनशे-साडेतीनशे जातात, पळाला तर त्याच्या दुप्पट धरा. म्हणजे एका तासात एक किलो चरबी जाणं गणितातच बसत नाही, कुठल्याही जॅकेटने नाही, पट्ट्याने नाही आणि जाहिरातीतल्या त्या चहाने पण नाही.

जॅकेटचं मला जास्त भ्या वाटतं ते वेगळ्याच कारणाने. माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, बाहेरून ते पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आपला घाम तेच काम करतो, एक लिटर घाम अंगावरून उडाला तर जवळपास 580 कॅलरी एवढी उष्णता बाहेर जाते (ही उष्णता हां, चरबी नव्हे, इथे लोकांची गल्लत होते). आता त्या माठाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि उन्हाळ्यात ठेवून बघा. तुमच्या जॅकेटमध्ये घाम येतो पण उडत नाही, अंग गार होत नाही, म्हणून शरीर अजून घाम काढतं, ते पण फुकट जातं. थंडीत एकवेळ निभावेल, पण एप्रिल-मे मध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हाच उद्योग केलात तर उष्माघात व्हायचा. जॅकेट पावसाळ्यात गाडीवर वापरा.

अजून एक, डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात दोन किलो झपकन उतरतात आणि मग काटा रुसून बसतो, त्याचंही उत्तर पाण्यातच आहे. यकृतात आणि स्नायूत मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते, तिला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याचा एकेक ग्रॅम स्वतःबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं कमी केलं की आधी हा साठा खर्च होतो आणि पाण्यासकट दीड-दोन किलो जातात. लग्नाच्या पंगतीत एक दिवस मनसोक्त जेवलात की परत येतात. ती चरबी नव्हती जाताना आणि येतानाही नाहीये, त्यामुळे जाताना पेढे वाटू नका आणि येताना रडू नका. काट्यावर आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर उभे राहा, आणि शिंप्याकडे असते तसली टेप घेऊन कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत आणि बायकांची 80 च्या आत असावी असं मानतात, मला विचाराल तर काट्यापेक्षा ही टेप जास्त खरं बोलते.

प्रश्न – मी पंचवटीतला, वय 68, रिटायर्ड. मुलाने वाढदिवसाला घड्याळ दिलं, पावलं मोजणारं. रोज 10,000 झाली पाहिजेत म्हणतो. सकाळी गोदाघाटावर फिरून येतो तरी सहा-साडेसहा हजारच होतात, मग रात्री 11 वाजता घरातल्या घरात फेऱ्या मारतो, सौ. चिडते, तिची झोपमोड होते. 10,000 झालीच पाहिजेत का?

उत्तर – काका, काकूंना झोपू द्या.

हा 10,000 चा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1964 ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा होती, त्या हवेत 1965 साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लोकांच्या तोंडात बसलं आणि नावाचाच नियम झाला! पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांची पावलं मोजून एक अभ्यास झाला, सरासरी वय 72, त्यात दिवसाला 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्या जास्त जगल्या, आणि साधारण 7,500 नंतर आकडा वाढवून फारसा फरक दिसला नाही. तुमची साडेसहा हजार म्हणजे तुम्ही काठावर पोचलेलेच आहात. आणि त्या घड्याळावर एवढा जीव टाकू नका, ते पावलं मोजत नाही, हाताचे हिसके मोजतं. रिक्षात खड्ड्यातून जाताना माझी पण पावलं वाढतात.

प्रश्न – ताई, गंगापूर रोडवर राहते. मिस्टरांचं बीपी डॉक्टरांकडे 150/94 आलं, घरी मशीन आणलं तर त्यावर कधी 128, कधी 146, एकदा तर पाच मिनिटांत दोन वेगळे आकडे. मशीन बदलून आणलं तरी तेच. ते आता मशीनवर पण चिडतात आणि माझ्यावर पण. खरं कुठलं धरायचं?

उत्तर – वहिनी, तुमचं पत्र वाचून मला आमच्या घरचाच सीन आठवला. आमचे हे सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन, हात मांडीवर टाकून, समोर मॅच चालू, आणि तसंच बीपी मोजायचे. मग 'मशीन चायनाचं आहे' म्हणून मोकळे.

हात कुठं ठेवलाय याने आकडा बदलतो, आणि ते अगदी आपल्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे. टाकी गच्चीवर, चौथ्या मजल्यावर शॉवर कसाबसा येतो आणि तळमजल्यावर नळ सोडला की बादलीतून पाणी उसळतं. पाणी तेच, टाकी तीच, फक्त उंचीचा फरक. तसं हृदयाच्या खाली हात लोंबला की दंडातल्या रक्तावर वरच्या रक्ताचं वजन पडतं, प्रत्येक 10 सेंटीमीटर खाली गेल्यावर साधारण 8 अंकांनी बीपी जास्त दिसतं. हात वीतभर खाली राहिला की 128 चे 140 च्या पुढे जायला कितीसा वेळ! आणि हात फार वर धरला तर उलट, खोटं समाधान.

म्हणून आधी लघवीला जाऊन या, अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू-सिगारेट तर नकोच. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, खरंच गप्प, बोललं तरी आकडा चढतो. दंडाखाली उशी किंवा टेबल, पट्टा छातीच्या उंचीवर आला पाहिजे. आणि पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवरून नाही, थंडीत ही चूक सगळे करतात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागवा, लहान पट्ट्यावर बीपी जास्त येतं. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. पाच मिनिटांत दोन वेगळे आकडे आले म्हणून मशीनला शिव्या देऊ नका, बीपी दर ठोक्याला थोडं हलतंच, नाहीतर ते भिंतीवरचं कॅलेंडर झालं असतं.

दवाखान्यात जास्त आणि घरी कमी हे पण पुष्कळांचं होतं, पांढरा कोट बघून छाती धडधडते. म्हणूनच दवाखान्यात 140/90 ही रेघ धरतात तर घरच्या मोजणीला 135/85. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं नीट मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, घरी 128 आलं म्हणून परस्पर निर्णय घेऊ नका. हो, आणि आत्ता थंडी आहे, थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात त्यामुळे बीपी उन्हाळ्यापेक्षा थोडं वरच राहतं, निफाडला पारा उतरला की इकडे आकडे चढतात असं मी गमतीने म्हणते, पण ते खोटं नाही. पहाटे पाचला कुडकुडत फिरायला जायची मिस्टरांना हौस असेल तर उजाडल्यावर जाऊ द्या.

प्रश्न – इंदिरानगरला राहते, दिवसभर ऑफिस, माझं व्हिटॅमिन डी 11 आलं. सासूबाई म्हणाल्या कोवळ्या उन्हात बस, म्हणून दोन महिने रोज सकाळी 7 ते साडेसात बाल्कनीत बसते, थंडी वाजते म्हणून काच लावून घेते. परत तपासलं तर 12. माझंच शरीर घेत नाहीये का?

उत्तर – शरीर घ्यायला तयार आहे गं, उन्हात मालच नाहीये. ज्या किरणांनी आपल्या कातडीत डी तयार होतं त्यांना अतिनील-बी म्हणतात, आणि ते काचेतून आत येतच नाहीत. म्हणजे बंद काचेमागे तू फक्त ऊब घेत होतीस. पण समजा काच उघडली असती तरी सात वाजता फार फरक पडला नसता, कारण सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण हवेच्या खूप जाड थरातून तिरके येतात आणि वाटेत हे नेमके किरण गाळले जातात, ओझोन त्यांना खाऊन टाकतो. सासूबाईंचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, डोळ्यावर सकाळचा उजेड पडला की शरीराचं घड्याळही जागेवर येतं आणि रात्री झोप बरी लागते, ते सगळं खरं. फक्त डी त्यात नाही.

साधी खूण सांगते. उन्हात उभी राहा आणि सावली बघ. सावली तुझ्यापेक्षा लांब असेल तर डी जवळजवळ नाही, सावली तुझ्यापेक्षा आखूड झाली की कारखाना सुरू. आपलं नाशिक साधारण 20 अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरात भर दुपारी सुद्धा सावली जेमतेम आपल्या उंचीएवढीच होते, गच्चीवर जाऊन बघ हवं तर. म्हणजे थंडीत दुपारी 12 च्या आसपासचंच ऊन कामाचं, डबा खायच्या सुट्टीत हात-पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बसता आलं तर बघ. पण 11 आकडा असेल तर नुसत्या उन्हाने भागायचं नाही, डॉक्टर गोळी देतीलच. आणि इथे एक कळकळीने सांगते, ती 60,000 युनिटची गोळी बहुतेक वेळा आठवड्याला एक अशी असते, आमच्या ओळखीत एक आजोबा ती रोज घेत होते, बाकीच्या गोळ्यांबरोबर, आणि रक्तातलं कॅल्शियम एवढं वाढलं की ॲडमिट करावं लागलं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दोनदा वाच.

प्रश्न – नाशिकरोडहून लिहितोय. आईला चार वर्षं शुगर आहे. आजी असताना जेवण झालं की सगळ्यांना अंगणात शतपावली करायला लावायची, आता फ्लॅटमध्ये जेवण झालं की आई सिरियल लावते. शतपावलीने शुगर कमी होते का, का नुसती जुन्या लोकांची समजूत?

उत्तर – भाऊ, हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं कारण याच्यावर मी पानभर लिहू शकते, संपादकांनी कात्री लावली नाही तर.

जेवल्यावर पोळी-भाताची साखर होऊन रक्तात येते, तासा-दीड तासात ती सगळ्यात वर जाते. तिला रक्तातून उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. आता स्नायूची पेशी म्हणजे आपला जुन्या नाशकातला वाडा समजा. पुढचा दिंडी दरवाजा बंद असतो, इन्सुलिन येऊन कडी वाजवतं, मग आतले लोक दार उघडतात आणि साखर आत जाते. टाइप 2 डायबिटिसमध्ये होतं काय की इन्सुलिन कडी वाजवत राहतं पण आतल्यांना नीट ऐकू येत नाही, साखर बोळात ताटकळते. पण वाड्याला परसदार पण असतं! स्नायू आखडायला लागले, म्हणजे माणूस चालायला लागला, की साखर आत घेणारी ग्लुट-4 नावाची जी प्रथिनं आत ठेवलेली असतात ती इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या भिंतीवर येऊन बसतात आणि साखर परसदाराने आत घेतात. आईचं इन्सुलिन रुसलेलं असलं तरी तिचे पाय रुसलेले नाहीत ना? मग झालं.

2013 मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला होता, साठीच्या पुढची फक्त दहा माणसं, ज्यांची साखर काठावर होती, त्यांना एका वेळी सकाळी सलग 45 मिनिटं चालवलं आणि दुसऱ्या वेळी तिन्ही जेवणांनंतर 15-15 मिनिटं. चालणं तेवढंच, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणामागून चाललेल्या 15 मिनिटांनीच नीट खाली राहिली. माणसं थोडी होती हे मान्य, पण परसदाराची गोष्ट त्याच्याशी जुळते, दार उघडायचं तर माल बाहेर आलेला असताना उघडा.

आजींचं एकच चुकलं, म्हणजे शब्दाने चुकलं, शंभर पावलं म्हणजे चालीत चालणाऱ्या माणसाला एक मिनिट लागतं फक्त. (आमची आजी पण शंभर म्हणायची आणि आत्याशी गप्पा मारत अर्धा तास घालवायची, तेव्हा शब्दावर जाऊ नका.) दहा-पंधरा मिनिटं धरा. पळायचं नाही, भरल्या पोटी पळून पोटात कळ येते, गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. सिरियल बंद करायला लावू नका, भांडण होईल, जाहिराती लागल्या की हॉलपासून किचनपर्यंत फेऱ्या मारायला सांगा, अर्ध्या तासाच्या सिरियलमध्ये जाहिरातींची मिनिटं पुष्कळ निघतात. एकच काळजी, आई इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असतील तर सुरुवातीला चालण्याआधी आणि नंतर मशीनवर साखर बघा, थरथर, घाम, गरगरणं वाटलं तर लगेच साखर खायला द्या आणि डॉक्टरांना सांगा. आणि तीन महिन्यांनी एचबीए1सी ही रक्ताची टेस्ट करा, तीनच का तर लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांच्यावर चिकटलेल्या साखरेवरून हा आकडा काढतात, त्यामुळे टेस्टच्या आदल्या दिवशी गोड सोडून त्याला फसवता येत नाही.

प्रश्न – आम्ही इंजिनिअरिंगचे सात जण रविवारी हरिहर गडावर गेलो. त्या दिवशी काहीच नाही, सोमवारी थोडं, मंगळवारी कॉलेजचा जिना उतरताना अक्षरशः रडू यायचं बाकी होतं, रेलिंग धरून उलटे उतरलो, पोरी हसल्या. चढताना मात्र तेवढं दुखत नव्हतं. जिमवाला दादा म्हणतो लॅक्टिक ॲसिड साचलंय, लिंबूपाणी प्या. खरंय का?

उत्तर – अरे बाळांनो, लिंबूपाणी चांगलंच, प्या. पण लॅक्टिक ॲसिड बिचारं उगाच बदनाम आहे. जोरात काम करताना ते स्नायूत वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तास-दीड तासात ते निघून जातं, तुमचं हृदयच ते इंधन म्हणून वापरून टाकतं. रविवारचं लॅक्टिक मंगळवारी शिल्लक राहत नाही.

दुखणं आलं उतरण्यामुळे. कसारा घाट उतरताना मालाचा ट्रक बघितलाय? लहान गिअरमध्ये, ब्रेकवर ब्रेक, चाकाजवळ जळका वास. गडाच्या त्या उभ्या कातळपायऱ्या उतरताना तुमच्या मांडीचे स्नायू तो ब्रेक होते, म्हणजे ते आखडायचा जोर लावत होते आणि त्याच वेळी शरीराच्या वजनाने ताणले जात होते. असं ताणत-आखडत काम केलं की स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक चिरा पडतात, मग दुरुस्तीवाले येतात, सूज येते, आणि म्हणूनच दुखणं लगेच नाही तर 24 ते 72 तासांत वर येतं. चढताना स्नायू नुसते आखडतात, दम लागतो पण चिरा कमी.

आता चांगली बातमी, एकदा असं झालं की स्नायू शहाणे होतात आणि पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीला तेवढं दुखत नाही. म्हणून पुढच्या गडाआधी दोन-तीन रविवार पांडवलेणीच्या पायऱ्या चढून-उतरून या, उतरताना सावकाश. आपल्या जिल्ह्याची कविता राऊत, सावरपाड्याची, जिने 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुलात 10,000 मीटरला ब्राँझ आणलं, ती ज्या हरसूलकडच्या डोंगरवाटांवर वाढली तिथल्या पोरांना तुमचं हे मंगळवारचं प्रकरण सांगितलं तर ती पण हसतील, पोरींचं काय घेऊन बसलात. आत्ता हलकं चाला, पडून राहू नका. फक्त लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा मांड्या दगडासारख्या फुगल्या तर हसण्यावारी न नेता त्याच दिवशी दवाखाना गाठा, स्नायू फार फुटले की त्यातला रंग किडनीत जाऊन बसतो.

प्रश्न – मिसळ हेल्दी असते का? खरं सांगा, रविवारी पैज लागलीय.

उत्तर – पैज कुणी कुठल्या बाजूने लावलीय ते नाही लिहिलंत, म्हणून दोघांनाही अर्धी अर्धी जिंकवते. मोड आलेली मटकी उत्तम, प्रोटीन आहे, फायबर आहे, त्याबद्दल कुणी वाईट बोललं तर माझं नाव सांगा. वर तरंगतो तो लाल तवंग म्हणजे तेल, एक मोठा चमचा तेलात साधारण 120 कॅलरी, आणि तर्री 'अजून टाक' म्हणत तुम्ही किती चमचे घेता ते तुम्हालाच माहीत. फरसाण तळलेलं, पाव मैद्याचा. तेव्हा उसळ जास्त मागा, तर्री एकदाच, फरसाण वाटीतून वेगळं घ्या म्हणजे मुठीने पडत नाही, दही चालेल, दुसरा पाव मागवायच्या आधी दहा मिनिटं थांबा, पोट भरल्याचं डोक्याला जरा उशिराच कळतं. पापडाचं मीठ मी आज धरत नाही. आणि शेवटी ती जिलेबी येते, तिच्याबद्दल विचारू नका, मी पण खाते.